गरिबीचा टक्का नंतर सांगा, आधी गाव सोडून गेलेली माणसं मोजा

खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांच्या पालकमंत्र्यांना, आमच्या वीस आमदारांना आणि चार खासदारांना खुलं पत्र

नमस्कार साहेब,

तुम्हा सगळ्यांना एकत्रच लिहितोय कारण एकेकाला अर्ज देऊन झालेत, पोच घेतलेल्या कॉप्या फाईलला लावलेल्या आहेत आणि उत्तर एकाचंही आलेलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितो, म्हणजे आमच्या लोकांनाही कळेल की काय मागितलं होतं.

दिवाळीनंतर जिल्ह्यात एक कार्यक्रम झाला, कुठला ते जाऊ द्या, त्यात स्टेजवरून सांगितलं गेलं की नंदुरबारची गरिबी झपाट्याने कमी झाली, आधी निम्मे लोक गरीब होते आता एक तृतीयांशावर आलो, टाळ्या झाल्या, मी मागे उभा राहून ऐकत होतो. आकडा खोटा नाहीये. नीती आयोगाचाच आहे, २०१५-१६ च्या सर्वेक्षणात आपला जिल्हा ५२ टक्क्यांवर होता आणि २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ३३ च्या आसपास आला. पण त्याच अहवालात महाराष्ट्राची सरासरी ८ टक्क्यांच्या आत आहे हे कोणी बोललं नाही, म्हणजे राज्यात बारा-तेरा माणसांमागे एक गरीब आणि आमच्याकडे तिघांमागे एक. आणि त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या फाट्यावरून ऊसतोडीच्या गाड्या भरून गुजरातकडे गेल्या. बायामाणसं, लेकरं, कोंबड्या, पत्र्याच्या पेट्या, चुलीच्या लाकडांसकट. स्टेजवरच्या आकड्यात हे लोक कुठे बसतात ते मला तुम्हाला विचारायचंय.

मी शहादा तालुक्यातल्या एका गावात बँकेचं ग्राहक सेवा केंद्र चालवतो. वडील सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबायचे, आई हंगामात नंदुरबारला मिरची वाळवतात त्या पथारीवर डेख म्हणजे देठ खुडायला जायची, हाताची आग होते म्हणून रात्री हात पाण्यात घालून बसायची. घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. आता गावातल्या लोकांचे पैसे, केवायसी, रेशनचं काम, सगळं माझ्या टेबलावरून जातं, त्यामुळे कोणाच्या घरात काय येतं आणि किती दिवस टिकतं हे मला सांगोवांगी नाही तर रोज डोळ्यांनी दिसतं.

ती गरिबी मोजतात कशी ते मी नीट वाचलं. बारा गोष्टी बघतात. पोषण, घरातले बालमृत्यू, गरोदरपणातली काळजी, शिक्षणाची वर्षं, शाळेतली हजेरी, स्वयंपाकाचं इंधन, संडास, पिण्याचं पाणी, वीज, घर, घरातल्या वस्तू आणि बँक खातं. या सगळ्या गोष्टी महत्त्वाच्याच आहेत आणि त्यातल्या काही खरंच सुधारल्या, पाड्यावर लाईट आली, पोरींना अंधारात बाहेर जावं लागत नाही, याचं श्रेय ज्यांचं त्यांना मिळालंच पाहिजे. पण या बारामध्ये मजुरी किती मिळाली ते नाही. अंगावर कर्ज किती ते नाही. वर्षातले किती महिने घराला कुलूप असतं ते नाही. आमच्या गावातली निम्मी खाती तर माझ्याच मशीनवर उघडलीत, म्हणजे बँक खात्याच्या रकान्यात आमचं गाव पास झालं त्यात माझाही हात आहे, आणि म्हणूनच सांगतो की त्या खात्यांत काय असतं. लाडक्या बहिणीचे १५०० जमा होतात त्या दिवशी दारात रांग लागते आणि दोन-तीन दिवसांत खाती परत रिकामी. त्या १५०० ला मी कमी लेखत नाही, त्यात कोणाची औषधं येतात कोणाचं किराणाचं उधार फिटतं, पण त्याने कोणाचं गुजरातला जाणं थांबलेलं मी पाहिलेलं नाही.

आता आमचं म्हणणं एकेक करून मांडतो.

पहिलं रोजगार हमीचं. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने ही योजना चालवली, १९७७ ला कायदा केला, मग २००५ ला देशाने आपलं बघून कायदा केला. म्हणजे मागेल त्याला काम हे आपल्याच राज्याने सगळ्यांना शिकवलं. आणि आज आमच्याकडे दिवाळीनंतर, जेव्हा शेतातलं काम संपत येतं आणि माणूस मोकळा होतो, नेमकं तेव्हाच गावात काम सुरू नसतं. शेल्फवर म्हणजे मंजूर यादीत कामं आहेत असं सांगतात पण मस्टर म्हणजे हजेरीपट निघत नाही. निघालं तर मोबाईलवर दिवसातून दोनदा फोटो पाहिजे आणि धडगाव-मोलगीच्या वरच्या पाड्यांत रेंज शोधायला डोंगर चढावा लागतो. फोटो अपलोड झाला नाही तर दिवसभर खोदलेली माती फुकट. मग मजुरी. कायदा म्हणतो पंधरा दिवसांत, पण इथे आधारवर एक नाव, जॉबकार्डवर दुसरं स्पेलिंग, खातं तिसऱ्याच बँकेला लिंक, आणि पैसे कुठे अडकले ते मला विचारायला बाई रोज येते आणि मी रोज तिला तेच सांगतो की अजून आले नाहीत.

याच्या उलट ऊसतोडीला टोळी नेणारा मुकादम बघा. तो पावसाळ्यात येतो, पोळ्याच्या आधी, जेव्हा घरातली ज्वारी संपलेली असते, पेरणीला बियाणं-खत उधार आणलेलं असतं, कोणाचं पोर तापाने फणफणलेलं असतं. तो वीस-तीस हजार, कधी त्याहून जास्त रोख उचल म्हणून आगाऊ हातात ठेवतो. ना थंब ना केवायसी ना चकरा. त्या उचलीवर नवरा-बायको मिळून एक कोयता बांधला जातो, दोन माणसांचा कोयता एकच, म्हणजे बाईची मजुरी वेगळी कधी मोजलीच जात नाही. मग सहा महिने उसात. रात्री-अपरात्री गाडी भरायला उठायचं, पडावावर म्हणजे टोळीच्या मुक्कामावर प्लास्टिकच्या कागदाची खोपी, पाणी शेताच्या बोअरवरून आणायचं, आंघोळीला आडोसा नाही. खायला जे धान्य देतात त्याचे पैसे लावून ठेवतात. शेवटी हिशोब होतो, त्यातून उचल वजा, उचलीवरचं व्याज वजा, खाल्लेलं धान्य वजा, आजारपणात पडलेले खाडे वजा. माझा चुलतभाऊ आणि वहिनी कित्येक वर्षं जातायत आणि बहुतेक वेळा हिशोबानंतर त्यांच्याच अंगावर बाकी निघते. ती बाकी फेडायला पुढच्या वर्षी परत त्याच मुकादमाकडे. मुकादमही काही फार मोठा माणूस नसतो, आमच्यातलाच असतो, त्याच्यावर कारखान्याचं दडपण असतं, त्याला शिव्या देऊन काही होणार नाही.

मीटिंगमध्ये एकदा मी हे बोललो तर एक जण म्हणाले की या लोकांना जायची सवयच लागलीय. साहेब, पौषाच्या थंडीत तान्हं लेकरू पाठीला बांधून ऊस तोडायची सवय कोणाला लागत नसते. माझ्या शेजारची एक मावशी म्हणते, "आठे काम भेटतं तर तठे कसाले जातूत आमी?" तिच्या या प्रश्नाचं उत्तर तुम्ही तिला देऊ शकाल का?

परराज्यात जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ ला कायदा झाला होता, ठेकेदाराने नोंदणी करायची, मजुराला पासबुक द्यायचं, त्यात मजुरी आणि उचल लिहायची, जाण्यायेण्याचा खर्च द्यायचा. आता तो नव्या कामगार संहितेत गेला. आमच्याकडच्या एकाही टोळीतल्या माणसाकडे असं पासबुक मी पाहिलेलं नाही, आणि कागद असले तर ते माझ्याकडेच झेरॉक्सला येतात.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ही मला सगळ्यात जास्त टोचते. आमचे लोक सुरत-बारडोली पट्ट्यात जो ऊस तोडतात तो बराचसा उकाई-काकरापारच्या कालव्यांवर पिकतो. ते पाणी तापीचं. आमच्या समोरून वाहत जातं ते. उकाई धरण भरलं तेव्हा मागे नवापूरकडची आमची गावं पाण्याखाली गेली. म्हणजे जमीन इथली बुडाली, पाणी तिकडे गेलं, त्या पाण्यावर ऊस तिकडे झाला आणि तो तोडायला परत इथलाच माणूस जातो. गुजरातच्या शेतकऱ्याशी माझं भांडण नाही, त्याच्या सरकारने त्याच्यासाठी कालवे काढले. पण आपल्या सरकारने काय केलं? प्रकाशा आणि सारंगखेड्याला तापीवर बॅरेज बांधले, पाणी अडलं, पुलावरून जाताना उन्हाळ्यातही पात्र भरलेलं दिसतं, आणि काठापासून थोडं आत गेलं की कोरडं शेत. काठावरच्या उपसा सिंचन योजना वर्षानुवर्षं दुरुस्तीच्या नावाखाली बंद-चालू-बंद अशाच आहेत. ज्याच्याकडे स्वतःची पाईपलाईन टाकायची ऐपत आहे त्याची केळी-पपई हिरवीगार आणि त्याच्याच बांधाला लागून दोन एकरवाला भिल गुजरातला. एकाच गावात एवढा फरक कसा पडतो हे समजायला मोठा अभ्यास लागत नाही, पाणी कोणाच्या शेतात पोचलं एवढंच बघायचं.

वर नर्मदेकडे तर सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणीची ३३ गावं गेली. तिथल्या कितीतरी पाड्यांना आजही रस्ता नाही, दवाखाना बोटीवर येतो, आणि बाळंतपणाला अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून खाली आणलं अशी बातमी दर पावसाळ्यात वाचायला मिळते. त्या धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा २७ टक्के वाटा आहे.

तिसरं, लेकरांचं आणि गरोदर बायांचं. सरकारने २०१५ ला अमृत आहार योजना आणली, आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण, नंतर लहान मुलांना अंडी-केळी. योजना चांगली आहे, मनापासून सांगतो. पण ती गावाला बांधलेली आहे आणि बाई गाव सोडून जाते. दिवाळीला जेवण सुटतं ते होळीनंतर परत, आणि मधल्या काळात ती मोळ्या उचलत असते. नंदुरबार जिल्ह्यात पाच वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची आहेत हे केंद्र सरकारच्याच २०१९-२१ च्या पाहणीत आहे. अंगणवाडीताई पोराचं वजन करते, तक्त्यावर लाल रंगात येतं, ती बिचारी घरोघर फिरते, आणि पुढच्या महिन्यात पोर सुरतकडच्या कुठल्यातरी पडावावर. तिकडे त्याला कोण वजन करणार? शाळेचंही तेच. हंगामी वसतिगृहाची सोय कागदावर आहे, आईबाप गेले तरी पोरं गावात राहून शिकतील म्हणून. आमच्याकडे यावर्षी मंजुरीच आली नाही, मागे एकदा आली ती गाड्या निघून गेल्यावर. आजी-आजोबा घरी असतील तर पोर मागे राहतं, नाहीतर जातं, तिकडे शाळेत बसवलं तर सगळं गुजरातीत, परत आलं की इकडचं विसरलेलं. दोन-तीन वर्षं असं झालं की तेच पोर कोयता हातात घेतं.

रेशनबद्दल थोडक्यात. माणशी पाच किलो मोफत मिळतं, त्याने उपासमार टळली हे खरं आहे. पण ऊस तोडून आणि मिरची खुडून बोटांच्या रेषा झिजतात, मशीन थंब घेत नाही, मी ओल्या फडक्याने पुसून, तेल लावून, दहाही बोटं लावून बघतो, आणि तरी नाही लागला तर केवायसी पेंडिंग राहून नाव कमी व्हायची भीती. ज्यांचे हात सगळ्यात जास्त राबलेत त्यांचाच अंगठा लागत नाही. देशातला पहिला आधार नंबर २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच तालुक्यात टेंभलीला दिला गेला, पंतप्रधान स्वतः आले होते, तेव्हा इथल्या लोकांना वाटलं होतं की आता आपली मोजदाद झाली म्हणजे आपल्याला काहीतरी मिळणार.

जळगाव-धुळ्याच्या साहेबांनी हे फक्त नंदुरबारचं दुखणं समजू नये. साक्री तालुक्यातून गाड्या भरून जातात. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत राबणारे पावरा, बारेला, तडवी कुठून येतात आणि शेतातल्या खोपीत कसे राहतात ते तुम्हाला माहीत आहे. त्या केळीला २०१६ ला जीआय मानांकन मिळालं, अभिमान आहेच, पण सालदाराचं साल आजही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तोंडी ठरतं, वर्षभर बारा-चौदा तास, सुट्टी म्हणजे खाडा. भाव पडला की बागवाला अडचणीत येतो हे मान्य, मग त्याची पहिली कात्री मजुरीला लागते. याच जळगाव जिल्ह्यात फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन झालं, नेहरू अध्यक्ष होते, आणि तिथल्या शेतीच्या ठरावात शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी कायद्याने मिळाली पाहिजे असं मागितलं होतं. स्वातंत्र्याच्या आधीची मागणी आहे ही. आणि आमच्या शहाद्यात १९७० च्या दशकात आदिवासींचे नेते अंबरसिंग महाराजांच्या मागे जे लोक उभे राहिले ते गेलेल्या जमिनी आणि मजुरी यासाठीच. त्या काळात १९७४ ला आदिवासींच्या जमिनी परत करायचा कायदा झाला. काहींना मिळाल्या, काहींची नातवंडं अजून कोर्टात आहेत, आणि वनपट्ट्याचे दावे २००६ च्या कायद्यानंतरही पेंडिंग पडलेत.

देशाची अर्थव्यवस्था जगात पहिल्या पाचात आली, मनमाड-इंदूर रेल्वेला १८ हजार कोटी मंजूर झाले, हे वाचून मलाही बरं वाटतं, माझी पोरंही त्या गाडीत बसतील. विकासाला माझा विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की २०१८ पासून केंद्राच्या मागास जिल्ह्यांच्या यादीतला आकांक्षित जिल्हा म्हणून आमचे आकडे दर महिन्याला दिल्लीला जातात आणि दर दिवाळीला आमची माणसं गुजरातला जातात, आणि या दुसऱ्या गोष्टीचा आकडा कोणाच्याही डॅशबोर्डवर नाही. जे मोजलंच जात नाही त्यावर बजेट कसं पडणार.

म्हणून आमच्या मागण्या.

प्रत्येक ग्रामपंचायतीत स्थलांतराचं रजिस्टर ठेवा. दसऱ्याच्या आत ग्रामसभेत नोंद, कोण जातंय, कुठल्या मुकादमाबरोबर, कुठे, किती उचल घेतली, सोबत किती लेकरं, कोणी गरोदर आहे का. होळीनंतर परत नोंद, हिशोबात काय मिळालं. नावं गुप्त ठेवा हवं तर, पण गावाचा आकडा पंचायतीच्या भिंतीवर लावा आणि तिन्ही जिल्ह्यांचा आकडा जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत वाचून दाखवा. गरिबीचा टक्का सांगाल तेव्हा हा आकडाही त्याच स्टेजवरून सांगा.

आदिवासींसाठी खावटी, म्हणजे पावसाळ्यात खाण्यापुरती सरकारी मदत, १९७८ पासून होती, पावसाळ्यात सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणूनच ती काढली होती. मध्ये बंद पडली, कोरोनात एकदा चार हजार दिले, दोन हजार रोख आणि दोन हजाराचा किराणा, मग परत बंद. ती दरवर्षी जूनमध्ये द्या, पूर्ण रोख द्या, आणि उचलीशी स्पर्धा करेल एवढी द्या, त्यातला काही भाग कर्ज म्हणून दिला तरी चालेल. मुकादमाला हरवायचं असेल तर त्याच्या आधी घरी पोचावं लागेल.

दिवाळीच्या पाडव्याला प्रत्येक गावात रोजगार हमीचं एक तरी काम सुरू पाहिजे, मस्टर आधीच काढून ठेवलेलं. रेंज नसेल तिथे कागदी हजेरी चालवा. मजुरी उशिरा झाली तर भरपाई न मागता द्या.

हंगामी वसतिगृहांना सप्टेंबरमध्येच मंजुरी द्या. सुरत, तापी, नवसारी या जिल्ह्यांत आपल्या राज्याचे अधिकारी बसवा, गुजरात सरकारशी लेखी करार करा, पडावावर अंगणवाडी, रेशन, आरोग्य तपासणी आणि मराठी शिकवणारा एक माणूस, आणि कोयत्याची मजुरी नवरा-बायकोच्या वेगवेगळ्या खात्यात. खाती आहेत सगळ्यांची.

तापीच्या उपसा योजना कधी पूर्ण चालू होणार त्याची तारीख, योजनेच्या नावासकट. ज्याचा थंब लागत नाही त्याला चेहऱ्याने किंवा ओटीपीने केवायसी, आणि तोपर्यंत कोणाचंही नाव कापायचं नाही. सालदाराचं साल लेखी.

याची उत्तरं मला आखाजीच्या आत लेखी पाहिजेत, म्हणजे पुढची उचल वाटायला सुरुवात व्हायच्या आत. जमत नसेल ते जमत नाही असं लिहा, कारण लिहा, ते सुद्धा मी केंद्राबाहेर बोर्डावर लावीन आणि वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवीन. गावागावातल्या पोरांना सांगून रजिस्टरचं काम आम्ही आमच्याकडून सुरू केलंय, वहीत, साध्या पेनाने. तुमच्यापैकी कोणीही ती वही बघायला आलं तर स्वागत आहे, फक्त बाजाराच्या दिवशी या, त्या दिवशी मागे राहिलेली म्हातारी माणसं रेशन-पेन्शनसाठी केंद्रावर असतात, त्यांच्याशीच बोला.

आपला,
शहादा तालुक्यातला एक ग्राहक सेवा केंद्र चालवणारा